घरी ठेवायची बंदूक

माझ्या मुलाने अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी सुनेने शिरा केला होता. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याने पहिली बंदूक घरी आणली, तेव्हा मात्र कुणी गोडधोड केलं नाही. जेवणाच्या टेबलावर तो लांबट काळा खोका उघडून बसला आणि आम्ही तिघी, म्हणजे सून, नात आणि मी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बघत राहिलो. "कुणी हात लावू नका," तो म्हणाला. लावतंय कोण!

टेक्सासमध्ये प्लेनोला मुलाकडे राहायला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हे गेले, मी अमरावतीच्या शाळेतून आधीच निवृत्त झाले होते, आणि मुलगा म्हणाला, आता एकटी राहू नकोस. मी घर आवरलं, देव डब्यात भरले आणि आले. निघताना बहीण म्हणाली होती, "मुलाचं घर आपलंच, पण तिथे आपली जागा कुठे आहे ते आधी बघून घ्यावं." मी तिला चांगलंच झापलं. मुलाच्या घरात आईने जागा शोधायची म्हणजे काय? माझा स्वभाव तसा आधीपासूनच तिखट आहे.

बंदुकांचं वेड काही आभाळातून पडलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात आमच्याकडे कडाक्याची थंडी पडली आणि वीज गेली ती गेलीच. नळ गोठले, माळ्यावरचा पाइप फुटला, आम्ही सगळे एकाच खोलीत गाद्या टाकून, मिळेल ते पांघरून बसलो. गॅस होता म्हणून चहा तरी मिळत होता. अशातच एका दुपारी गॅरेजचं दार कुणीतरी बाहेरून हलवायला लागलं. मुलगा कोपऱ्यातली क्रिकेटची बॅट घेऊन दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेरचा माणूस थोडा वेळ खटपट करून निघून गेला. तो चोर होता, की चुकून भलत्याच घरी आलेला कुणी, की नुसतंच पाणी मागायला आलेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मला आठवतात ते मुलाचे हात. माणूस गेल्यावरही त्यांनी बॅट सोडली नाही. शाळेत असताना साधी मारामारी न केलेला माझा मुलगा, त्याने त्या दिवशी मनाशी काहीतरी ठरवलं.

मग त्याची तयारी सुरू झाली. त्याचा एक नागपूरचा मित्र शहराच्या उत्तरेला मोकळ्या जागेत घर बांधून राहतो, विहीरही आहे त्याची. पुन्हा तसं काही झालं, शहर राहण्यासारखं उरलं नाही आणि रस्ते गाड्यांनी तुंबले, तर सगळ्यांनी पाठीवर सॅक घेऊन पायी त्या मित्राकडे जायचं, असा बेत होता. वाटेत संरक्षणाला बंदुका. आता कुठल्या न्यायच्या आणि कुठल्या ठेवायच्या, यावर दर रविवारी आमच्याकडे चर्चा व्हायची. मित्र यायचा, सुनेच्या हातचे पोहे खायचा आणि बोलायचा, "यार, तू दोन-तीन टाइपच्या गोळ्या कॅरी करणार? हेडेक आहे. एक कॅलिबर फिक्स कर आणि विषय संपव." मुलगा म्हणायचा, "पण डिस्टन्सला पिस्तूल काय कामाचं, यार?" मला गणपतीची वर्गणी ठरवायच्या मीटिंगची आठवण यायची. तिथेही असेच हातवारे असायचे आणि शेवटी पोहे संपले की मंडळी उठायची.

तोवर घरात तीन बंदुका झाल्या होत्या. एक पिस्तूल, एक मोठी काळी रायफल आणि एक शॉटगन. मुलगा इंजिनियर, त्यामुळे अंदाजपंचे काही चालायचं नाही. भारतात जाताना बॅगा मोजायचा तो हुकाचा काटा असतो ना, प्रत्येक देशी घरात एक तरी असतोच, तो काढून त्याने बंदुका मोजायला सुरुवात केली. पट्ट्याला हुक अडकवायचा, हात वर करायचा, आकडा बघायचा. मग गोळ्यांचे खोके पिशवीत घालून तेही मोजायचे. याच काट्याने आम्ही चकल्या, मेतकूट आणि नातीसाठी घेतलेले परकर-पोलके मोजले होते. मला हसू आवरलं नाही. तो चिडला. "आई, मैलामैलाला वजन जाणवतं. धिस इज सीरियस."

मी म्हटलं, "मग छोटी घे. पॉइंट टू-टू."

त्याने काटा खाली ठेवला. त्याला माहीत होतं की मी कॉलेजात एनसीसीत होते, पण ते त्याला खाकी साडीतल्या एका फोटोपुरतं माहीत होतं. आम्ही पोरी अमरावतीत चांदमारीला जायचो, जमिनीवर पालथ्या पडून नेम धरायचो, कोपरं सोलून निघायची. उस्ताद ओरडायचे, श्वास अर्धा सोडा आणि चाप हळू ओढा. ती रायफल हलकी, धक्का जवळजवळ नाहीच, आणि शंभर गोळ्या मुठीत मावतात. मी एवढंच सांगितलं. त्याने रात्रभर इंटरनेटवर वाचून काढलं आणि सकाळी म्हणाला, "आई, तू बरोबर होतीस. छोट्या प्राण्यांची शिकारही करता येते तिने."

"ससा मारून आणशील आणि सोलणार कोण?" सून म्हणाली. "तुला शेजारच्यांच्या अंड्याचा वास सहन होत नाही."

पण ती छोटी रायफल आली. आणि तिच्याबरोबर आले ते माझ्या प्लेनोतल्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी काही. मुलगा मला आणि नातीला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. कानांवर मोठे गोल ठोकळे लावले, समोर कागद टांगला. गुडघ्यांमुळे मला उभं राहून जमेना, तेव्हा तिथल्या माणसाने स्टूल दिलं. मी टेबलावर कोपर टेकवलं, श्वास अर्धा सोडला. इतक्या वर्षांनी हाताला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. कागद जवळ आला तेव्हा सगळी भोकं काळ्या वर्तुळाच्या आत होती. नात किंचाळली, "आजी, व्हॉट द हेक!" मुलाने तो कागद घडी न घालता घरी आणला आणि फ्रिजवर लावला. येईल त्याला तो दाखवायचा, "माझ्या आईचं टार्गेट." शाळेत त्याचे पेपर मी असे कधी कुणाला दाखवले नव्हते. उलट दोन मार्क कुठे गेले ते विचारायचे.

आम्ही नंतरही काही वेळा गेलो. येताना गाडीत तो माझ्याशी मोकळेपणाने बोलायचा. एरवी आमच्याकडे बोलण्याची पद्धत नाही. हेही तसेच होते, मीही तशीच. जेवलास का, औषध घेतलंस का, बास. मनातलं विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, आपोआप कळलं पाहिजे, असा आमच्या घराचा खाक्या.

मग चालण्याची प्रॅक्टिस सुरू झाली. घरामागच्या ओढ्याकाठी सिमेंटची पायवाट आहे, लोक कुत्री घेऊन फिरतात. शनिवारी सकाळी मुलगा, सून आणि नात पाठीवर सॅक लावून तिच्यावरून चालायला निघायचे. बंदुका घेऊन फिरणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने प्रत्येक बंदुकीच्या वजनाइतकी तुरीची डाळ मोजून पिशव्या भरल्या होत्या. रायफलची पिशवी त्याच्या पाठीवर, पिस्तुलाची सुनेच्या, छोटीची नातीच्या. मी खिडकीतून बघायचे. परत येईपर्यंत मी उपमा करून ठेवायचे. गंमतच वाटायची. आपल्याला का बोलावत नाहीत, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. गुडघे दुखतात म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

त्या रविवारी मित्र आला नव्हता. जेवणं झाली, मुलाने टेबलावर जुनी चादर अंथरली आणि चारही बंदुका मांडल्या. "आज फायनल करून टाकू," तो म्हणाला. काळी रायफल तो घेणार, पिस्तूल सून, छोटी रायफल नात. सून लसूण सोलत होती, तिने मान हलवली. शॉटगन तेवढी राहिली.

मी विचारलं, "आणि मी?"

"तू घरी, आई," तो म्हणाला. अगदी सहज, भाजीत मीठ आहे म्हणावं तसं. "शॉटगन तुझ्याकडे. तशीही ती आणि तिच्या गोळ्या कॅरी करायला हेवी आहेत. पण घरात बसून दार सांभाळायला तिच्यासारखी दुसरी नाही. तुला तर चालवताही येते. गाडी काढता आली की मी येतोच तुला न्यायला."

जी न्यायला जड ती बंदूक, आणि तिच्याबरोबर मी.

नात फोनमधून मान वर करून म्हणाली, "देन आय'म स्टेइंग विथ आजी." तो म्हणाला, "नो, यू आर नॉट." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार होते? मला राग आला असता तर सोपं होतं. राग मला चांगला जमतो. पण त्याचं चुकलं कुठे ते मला सांगता येईना. माझ्या गुडघ्यांनी मला ओढ्यापर्यंत नेलं असतं, पुढे नाही. आईला पाठीवर घेतलं तर पोरीला कोण सांभाळणार? वर्गात हेच गणित मी दिलं असतं तर हेच उत्तर बरोबर धरलं असतं. मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं. रडू येत होतं, ते आल्याच्या वासावर ढकललं.

त्यानंतर घरात काही बदललं नाही. मी पोळ्या करत होते, बुधवारी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जात होते, नातीला मराठी वाचायला बसवत होते. दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमी, शस्त्रांची पूजा. दरवर्षी आम्ही लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या मांडायचो, त्या वर्षी पाटावर खरी शस्त्रं होती. मुलगा सोवळं नेसून बसला होता. मी झेंडूची फुलं वाहत गेले, हळदीकुंकू लावत गेले. शॉटगनपाशी आले तेव्हा जरा थांबले. तिच्या लाकडी दस्त्याला बोट लावलं आणि मनात म्हटलं, बाई, आपण दोघी मागे. मुलगा म्हणाला, "आई, कुंकू जरा कमी, पार्टमध्ये जातं." मी पदराने पुसून घेतलं.

त्याच सुमारास गॅरेजमध्ये एक मोठं खोकं येऊन पडलं. वर चाकांचं चित्र होतं. आता पाण्याचे कॅन ओढायला हातगाडी आणली वाटतं, असं मी मनात म्हटलं. त्याच्या खरेदीला अंत नव्हता. मी खोक्याच्या कडेने केर काढत राहिले. एकदा विचारावं असं आलं होतं मनात. विचारलं नाही.

जानेवारीत मुलीचा फोन आला. ती जॉर्जियात अल्फारेटाला असते. तिला दुसरं बाळ होणार होतं. "आई, येशील का थोडे दिवस?" मी हो म्हटलं आणि भरायला घेतलं. थोड्या दिवसांसाठी लागतं त्याहून जास्त भरलं. हिवाळ्याची दुलई, यांचा फोटो, माझी जुनी चष्म्याची घरं. शेवटी देव्हाऱ्यातले देव पुसून डब्यात ठेवले. मुलगा दारात उभा होता.

"देव पण नेतेस?"

"हो. तिथे लागतील."

तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्याने बोलावं म्हणूनच मी दार उघडं ठेवून भरत होते. आई, देव राहू दे, तू परत यायचं आहेस, एवढं एकच वाक्य मला हवं होतं. त्याने जाऊन तो हुकाचा काटा आणला. दोन्ही बॅगा उचलून मोजल्या. "लिमिटमध्ये आहेत," म्हणाला. विमानतळावर व्हीलचेअरवाला मला न्यायला आला तेव्हा तो त्या खुर्चीकडे फार लक्ष देऊन बघत होता. वाकून त्याने तिचा ब्रेक कसा लागतो तेही बघितलं. याला मेल्याला अशा वेळीसुद्धा यंत्रच दिसतं, असं म्हणत मी आत गेले.

मी अल्फारेटाचीच झाले. बाळ झालं, त्याचं बारसं झालं, मग मुलीची नोकरी, मग बाळ चालायला लागलं. माणसाला राहायला कारणं सापडतात. मुलाचा दर रविवारी फोन येतो. जेवलीस का, गुडघे कसे आहेत. मीही विचारते, जेवलास का. आमचं ते पूर्वीचं गाडीतलं बोलणं पुन्हा कधी झालं नाही.

मागच्या महिन्यात नात आली होती. ती आता इथून जवळच अटलांटाला कॉलेजात आहे, सुटीच्या दिवशी आजीच्या हातचं जेवायला येते. मी तिला पुरणपोळी वाढत होते. मुलीचा धाकटा अंगणात लाल हातगाडीत बसून हट्ट करत होता, आणि त्याचा बाबा त्याला ओढत होता. नात खिडकीतून बघून हसली. "आजी, यू नो, बाबाची तुझी कार्ट अजून आहे गॅरेजमध्ये."

"कसली माझी कार्ट?"

तिला आश्चर्य वाटलं. मग तिने सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये, पोळी खाता खाता. त्या रविवारनंतर तिच्यात आणि बाबात मोठं भांडण झालं होतं. बाबा तिला म्हणाला होता, त्या दिवशी फायनल केलं ते मलाच पटलेलं नाही. आणि त्याने ती ओढायची गाडी मागवली. दर बुधवारी, मी कट्ट्यावर गेले की तो ऑफिसला उशिरा जायचा, तिच्यावर तांदळाची पोती ठेवायचा, माझ्या वजनाइतकी, आणि ओढ्याकाठच्या वाटेवर ओढत न्यायचा. डॉक्टरकडे मला तोच न्यायचा, वजन त्याला ठाऊक होतं. उतारावर गाडी सुटायची, म्हणून नवा ब्रेक लावत होता. बसायची जागा खाली होती, माझ्या गुडघ्यांना उठता येणार नाही, म्हणून ती उंच करत होता. ओढायला दोन्ही हात लागतात आणि कंबरेला पट्टा, त्यामुळे मोठी काळी रायफल नेता येणार नव्हती. त्याने ती बेतातून काढून टाकली. मित्राने वेड्यात काढलं, यार, तू मेन वेपनच सोडतोस? बाबा म्हणाला, छोटी आहे ना, पुरेल.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"इट वॉजन्ट डन, आजी. ब्रेक व्हायचा होता. ही सेड यू डोन्ट लाइक हाफ-डन थिंग्स."

हे वाक्य माझंच. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही. तो दुसरीत असल्यापासून मी त्याच्या वहीवर बोट ठेवून हे म्हणत आले होते. चित्र अर्धं रंगवून दाखवायला आला की मी म्हणायचे, पूर्ण कर आणि मग आण. तो मुकाट्याने परत जायचा. त्याने ते इतकं मनावर घेतलं, आणि मी मात्र त्या खोक्याच्या कडेने केर काढत राहिले. विमानतळावर तो खुर्चीचा ब्रेक का बघत होता, ते मला माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात कळलं, हातात तुपाची वाटी धरून.

"मग आता काय करतो त्या गाडीचं?"

"मल्च नेतो बागेत, झाडांखाली टाकायचा भुसा. खताच्या बॅगा वगैरे." तिने बोटं चाटली. "अँड ही पुट द बिग रायफल बॅक. दोन्ही हात मोकळे आहेत ना आता."

ती सहज बोलली. ती गेल्यावर मी मुलाला फोन लावला. रविवार नव्हता. त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि घाबरून म्हणाला, "आई, काय झालं? बरी आहेस ना?" मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ब्रेक झाला का रे. पूर्ण झाली नसली तरी चालेल, मला दाखव. मी बसते तिच्यात.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला. जेवलास का?"